ड्यूररचा १५११ चा ‘क्रूस’: घरात सापडलेली छाप मूळ आहे का, आणि ती जपायची कशी

प्रश्न थोडक्यात असा. वसईतल्या एका जुन्या घरात, आल्ताराशेजारी (ख्रिस्ती घरातल्या देव्हाऱ्याशेजारी), काचेच्या फ्रेममध्ये तळहाताहून लहान असं काळं-पांढरं चित्र आहे. मधोमध क्रूसावर ख्रिस्त, खाली शोक करणारी माणसं, त्यांत उजवीकडे दोन्ही हात एकमेकांत गुंफून वर बघणारा एक तरुण. चित्रातच १५११ हा आकडा आणि रोमन ‘ए’च्या दोन पायांमध्ये बसवलेला ‘डी’. कुणीतरी सांगितलं की ही जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची मूळ छाप आहे, म्हणजे त्याने स्वतः कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर उमटवलेलं चित्र. ते खरं कसं ठरवायचं, आणि कागदावर पडलेले तांबूस डाग घालवायचे का?

आधी महत्त्वाचं सांगतो. चिन्ह आणि साल बघून इथे काहीही ठरत नाही. नक्कल करणारे सगळ्यात आधी त्याच दोन गोष्टी उतरवून घेत, आणि हे ड्यूररच्या हयातीतच सुरू झालं होतं. १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरसभेला हुकूम काढावा लागला, कारण नगरसभेच्या इमारतीजवळ एक परका विक्रेता ड्यूररचं चिन्ह खोटेपणाने घातलेली चित्रं विकत होता. चिन्ह काढून टाक, नाहीतर माल जप्त करू, असं त्याला बजावलं गेलं. तुमच्या छापेचा निर्णय होईल तो रेघांवरून आणि कागदावरून. दोन्ही गोष्टी घरी बऱ्यापैकी तपासता येतात.

हे चित्र नेमकं कुठलं ते आधी पक्कं करू. ड्यूररने (जन्म १४७१, मृत्यू १५२८) ख्रिस्ताच्या दुःखसहनाची मालिका तीनदा केली. दोनदा लाकडावर, एकदा तांब्यावर. तांब्यावरच्या मालिकेत सोळा चित्रं आहेत आणि ती १५०७ ते १५१३ या काळात सावकाश होत गेली. १५०७ ला एक, १५०८ ला दोन, १५०९ ला एक, १५११ ला एकच, १५१२ ला तब्बल दहा आणि १५१३ ला शेवटचं. म्हणजे या संचात १५११ हे साल फक्त क्रूसावरच्या मरणाच्या चित्रावर आहे. छापांचे अभ्यासक प्रमाण मानतात त्या बार्टशच्या सूचीत त्याचा क्रमांक १३, आणि मेडरच्या सूचीतही १३ च. चित्राचं माप साधारण ११.७ सें.मी. उंच आणि ७.४ सें.मी. रुंद.

इथे एक घोळ नेहमी होतो. ड्यूररने क्रूसाचा प्रसंग इतरत्रही केला आहे. तांब्यावरच १५०८ सालचं, याहून थोडं मोठं असं एक स्वतंत्र चित्र आहे. सम्राट मॅक्सिमिलियनच्या तलवारीच्या मुठीशी नाव जोडलेलं चार सें.मी.हूनही लहान, गोल चित्र आहे. शिवाय लाकडावरच्या दोन्ही मालिकांत हा प्रसंग येतोच. लाकडावरच्या मालिका १५११ मध्येच लॅटिन कवितांसह पुस्तकरूपाने निघाल्या, त्यामुळे त्यांतल्या पुष्कळ पानांच्या पाठीवर छापील मजकूर असतो. तांब्यावरच्या मालिकेला मजकूर कधीच नव्हता. तुमच्या कागदाच्या मागे छापील लॅटिन ओळी दिसल्या, तर हे ते चित्र नव्हे.

मजकूर नाही, आकार एवढा छोटा, आणि तरी कारागिरी इतकी बारीक, याला कारण आहे. ही चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. एका हातात धरून, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, एकट्याने ध्यान करत बघायची ही पानं. लोक ती एकत्र बांधून घेत, प्रार्थनेच्या पुस्तकात चिकटवत. दुःखसहनाच्या एकेका प्रसंगापाशी थांबून प्रार्थना करायची, ही उपवासकाळातली जी रीत वसईत आजही आहे, तिच्यासाठीच ही पानं होती. किमतीचा अंदाज ड्यूररच्या स्वतःच्या नोंदींतून येतो. १५२०-२१ च्या नेदरलँड्सच्या प्रवासात त्याने सहा ताम्र-मालिका तीन गुल्डनला विकल्या, म्हणजे सोळा चित्रांचा पूर्ण संच अर्ध्या गुल्डनला. त्याच व्यवहारात लाकडावरची छोटी मालिका चार गुल्डनला सोळा, म्हणजे पाव गुल्डनला एक पडली. त्या छोट्या मालिकेत सदतीस चित्रं असतात. तरीही तांब्याचा सोळांचा संच तिच्या दुप्पट किमतीला जात होता.

तांब्याला इतकं मोल का, ते त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. आणि ती पद्धत समजली की भिंगाखाली काय शोधायचं ते आपोआप कळतं.

ठोकून सपाट केलेला, मग घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला तांब्याचा पत्रा घेतात. पोलादी सळईचं टोक तिरकं घासलं की पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं तोंड तयार होतं. हे ब्युरिन. त्याची लाकडी मूठ तळहातात बसते आणि टोक पत्र्यावर जवळजवळ आडवं ठेवून पुढे ढकलतात. पेन्सिलीसारखं ओढत नाहीत. पत्रा चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर असतो. वळणदार रेघ हवी असेल तेव्हा हात वळत नाही, दुसऱ्या हाताने पत्रा फिरवतात. जोर वाढवला की ब्युरिन खोल जातो आणि रेघ रुंद होते, जोर सोडला की ती निमुळती होत संपते. खोबणीतून तांब्याची बारीक कुरळी निघते. कडेला राहिलेली धार स्क्रेपरने खरवडून काढतात. चूक झाली तर तो भाग खरवडून, पाठीमागून ठोकून वर आणायचा आणि पुन्हा घोटायचा, दुसरा इलाज नाही. आणि हे सगळं उलटं कोरायचं, साल आणि चिन्हसुद्धा. ड्यूररच्या ‘चेटकीण’ या छापेत ‘डी’ हे अक्षर उलटं उमटलेलं आजही दिसतं.

छापताना पत्रा किंचित तापवून त्यावर शाई चोपडतात. काजळीसारखं काळं पूड-द्रव्य आणि उकळून दाट केलेलं जवसाचं तेल, ही ती शाई. मग कापडाने आणि शेवटी तळहाताने पृष्ठभाग पुसतात. शाई उरते ती फक्त खोबणीत. त्यावर ओलसर कागद, त्यावर लोकरीचे थर, आणि सगळं मिळून दोन रुळांमधून दाबून काढायचं. मऊ झालेला कागद खोबणीत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून ताम्र-छापेतली शाई कागदावर उभी असते. सपाट नसते आणि दबलेलीही नसते. खोल रेघांच्या जागी तर ती बारीक वरंब्यासारखी वर आलेली असते.

आता तपासणी. सराफ वापरतात ते दहापट भिंग पुरे, आणि एक लहान टॉर्च. टॉर्च कागदाच्या कडेला, जवळजवळ आडवा धरून खोली अंधारी करा. दाट भागात, विशेषतः कपड्यांच्या गडद चुण्यांत, शाईच्या रेघांना स्वतःची सावली पडते का ते बघा. पडत असेल तर निदान ही धातूच्या पत्र्यावरून दाबून काढलेली छाप आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर विषय बराचसा तिथेच संपतो. लाकडावरच्या छापेत उलटं दिसतं. रेघ कागदात दबलेली असते आणि शाई रेघेच्या दोन्ही काठांना सरकून तिथे जास्त गडद होते.

मग भिंगाखाली एकच रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. ब्युरिनची रेघ टोकाशी बारीक सुरू होते, मध्ये फुगते, पुन्हा बारीक होत मिटते, आणि काठ अगदी स्वच्छ असतात. आम्लाने खाल्लेली रेघ, म्हणजे एचिंगची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण सारख्याच जाडीची असते, टोकं बोथट आणि काठ किंचित खडबडीत. ड्यूररने एचिंग केलं ते १५१५ च्या सुमारापासून आणि लोखंडाच्या पत्र्यावर. तेव्हा १५११ च्या चित्रात खाल्लेली रेघ दिसली की ते त्याचं नाही. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर हाफटोन छपाई. अळ्यांसारखी वळवळणारी सूक्ष्म पोत दिसली तर कोलोटाइप. हे दोन्ही प्रकार फोटोवरून केलेले, म्हणजे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले.

सगळ्यात जास्त फसवतात त्या हेलिओग्राव्ह्यूर प्रती. पॅरिसमधल्या आमां-द्युरां याने १८७० च्या दशकापासून ड्यूरर, रेम्ब्रांट वगैरेंच्या छापांच्या अशा प्रती काढल्या. जुन्या चांगल्या छापेचा फोटो तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा, आम्लाने खायचा, जिथे कमी पडेल तिथे हाताने ब्युरिन फिरवायचा, आणि तारांच्या खुणा असलेल्या हातकागदावर खऱ्या प्रेसमधून छापायचं. साहजिकच तिथे शाईही उभी असते, पत्र्याची खूणही पडते, कागदही जुन्यासारखा दिसतो. मापही बरोबर येतं. बर्लिनच्या सरकारी छापखान्यानेही अशाच उत्तम प्रती काढल्या होत्या. या प्रती फसवण्यासाठी नव्हत्या. अभ्यासकांसाठी होत्या, आणि बऱ्याच प्रतींच्या पाठीवर शिक्का असतो (आमां-द्युरांचा छोटा लाल शिक्का असतो). पण शिक्का कुणी खरवडला किंवा पाठीला दुसरा कागद चिकटवला की तीच प्रत मूळ म्हणून फिरू लागते. मागच्या बाजूला कागद घासून पातळ केलेली जागा दिसली, प्रकाशासमोर धरल्यावर तिथे उजळ डाग आला, तर सावध व्हा. रेघांकडे बघितलं की उलगडा होतो. अतिशय बारीक रेघांची टोकं निमुळती होण्याऐवजी एकदम तुटतात, आणि जिथे दोन रेघा छेदतात तिथे आम्लाने कोपरे खाऊन छोटासा गोलसर डबरा झालेला असतो. ब्युरिनने छेदलेल्या रेघांत कोपरे धारदार राहतात.

दुसरा गट जुन्या हाती नकलांचा. या खऱ्या ब्युरिनने कोरलेल्या आणि खरोखर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कागदावरच्या असू शकतात. अँटवर्पच्या विरिक्स भावंडांनी ड्यूररच्या छापांच्या थक्क करणाऱ्या नकला केल्या. योहान विरिक्स तर लहान वयातच त्या करू लागला होता आणि काही छापांवर त्याने स्वतःचं वयही कोरून ठेवलं आहे. अशी नकल मूळ नसली तरी टाकाऊ मुळीच नाही. संग्रहालयं ती जपून ठेवतात. ओळखायची एकच खात्रीची रीत आहे, ती म्हणजे रेघेला रेघ लावणं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्यूझियम, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांच्या संकेतस्थळांवर ड्यूररच्या छापांची मोठी छायाचित्रं मोफत मिळतात. ती पडद्यावर पूर्ण मोठी करा. तुमच्या छापेचा फोटोही तितकाच मोठा करा. मग चेहऱ्यांशी तुलना करू नका, कारण नक्कल करणारा तिथेच सगळं लक्ष घालतो. त्याला बिनमहत्त्वाची वाटणारी जागा निवडा: जमिनीवरचं गवत, दगडाच्या सावलीतल्या आडव्या रेघा, एखाद्या चुणीच्या आतला गडद कोपरा. सावलीच्या एका पट्ट्यात किती रेघा आहेत ते मोजा. त्यांतली कुठली रेघ शेजारच्या रेघेला टेकते, कुठली अलीकडेच थांबते ते बघा. एकाच पत्र्याच्या दोन छापांत शाई कमी-जास्त होईल, पण रेघांची संख्या बदलणार नाही. एका पट्ट्यात मूळ छायाचित्रात अकरा रेघा आणि तुमच्याकडे नऊ, असं निघालं तर पत्रा वेगळा आहे. चित्र डावं-उजवं उलटं असेल तर सरळच नक्कल, कारण समोर छाप ठेवून जसंच्या तसं कोरलं की छपाईत ते उलटतं.

उजवीकडच्या त्या तरुणाकडे इथे थोडं थांबावंसं वाटतं. तो संत योहान. त्याचा चेहरा करंगळीच्या नखापेक्षा लहान आहे. त्या एवढ्याशा जागेत गालाची गोलाई दाखवायला ड्यूररने सलग रेघ वापरलेली नाही. वळणदार रेघ प्रकाशाकडे येते तशी बारीक होते, मग तुटक होते, आणि पुढे नुसते टोकाने टोचलेले ठिपके राहतात. तिथून पुढे कोरा कागद, आणि तोच प्रकाश. झग्यावर मात्र रेघा चुणीच्या वळणाबरोबर फिरतात आणि दुसऱ्या थरातल्या रेघा त्यांना तिरक्या छेदून शंकरपाळ्यासारखी जाळी करतात. चांगल्या, सुरुवातीच्या छापेत हे ठिपके एकेक मोजता येतात आणि जाळीच्या आतला कागद स्वच्छ राहतो. पत्रा झिजला की आधी हे ठिपकेच जातात. गाल सपाट पांढरा दिसू लागतो, गडद भाग काळा न राहता करडा होतो. तांबं मऊ असतं. ब्युरिनने कोरलेला पत्रा काही शे छापा चांगल्या देतो, पुढे उतरत जातो. ड्यूररच्या मृत्यूनंतरही त्याच्या पत्र्यांवरून छपाई होत राहिली. म्हणून ‘मूळ पत्र्यावरची’ आणि ‘ड्यूररच्या देखरेखीतली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोघींच्या मोलात फार मोठा फरक पडतो.

याच योहानाचा भारताशी एक अस्सल संबंध आहे. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात मुघल चित्रकार अबुल हसनचं एक रेखाटन आहे. १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने ड्यूररच्या या १५११ च्या चित्रातला फक्त योहान उचलून काढला. क्रूस नाही, ख्रिस्त नाही, मरिया नाही. वर बघणारा चेहरा, गुंफलेले हात आणि झगा एवढंच. ब्युरिनच्या जाळीची नक्कल त्याने केलेली नाही. कुंचल्याच्या मऊ छटांनी त्याच चुण्या त्याने पुन्हा उभ्या केल्या. पुढे जहांगीरने त्याला ‘नादिर-उझ्-जमान’, म्हणजे ‘युगातलं आश्चर्य’, म्हणून गौरवलं. युरोपातल्या छापा मुघल दरबारात पोचण्याची मुख्य वाट गोव्यावरून जात होती. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघालेलं जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं पहिलं मंडळ १५८० च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोचलं आणि त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं, ताम्र-छापांनी सजलेलं आठ खंडांचं बहुभाषिक बायबल भेट दिलं. तेव्हा अशी छाप सोळाव्या शतकात कोकण किनाऱ्यावर उतरली असणं अशक्य नाही. पण यावरून वसईतल्या फ्रेममधली छापही तेव्हाची, असा निष्कर्ष काढू नका. सोळाव्या शतकातला कागद इथल्या चारशे पावसाळ्यांतून टिकणं फार दुर्मीळ आहे. जुन्या घरांत सापडतात ती बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली छापील चित्रं असतात. म्हणूनच आता कागद.

छाप फ्रेममधून बाहेर काढल्यावर ती खिडकीच्या काचेवर न टेकवता, फक्त उजेडासमोर धरून बघा. जुना हातकागद लगद्यात साचा बुडवून केलेला असतो. साच्याच्या तारांच्या खुणा त्यात दिसतात: एका दिशेला अगदी जवळजवळ बारीक रेघा आणि त्यांना काटकोनात दोन-तीन सें.मी. अंतरावर जाड रेघा. या रेघा अजिबात नसतील आणि कागद एकसारखा ढगाळ दिसत असेल, तर तो युरोपात १७५७ च्या सुमारास वापरात आलेल्या विणीच्या साच्याचा किंवा त्याहून नवा आहे. तिथे ड्यूरर संपला. रेघा दिसल्या म्हणून मात्र जुनेपण सिद्ध होत नाही, कारण त्या नंतरही मुद्दाम काढत.

वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटलेलं आणि उजेडासमोर दिसणारं चिन्ह, मिळाला तर फार उपयोग. ड्यूररच्या कागदांत बैलाचं मुंडकं, उंच मुकुट, वर्तुळातला नांगर अशी चिन्हं येतात, आणि मेडरने १९३२ च्या सूचीत कुठल्या चिन्हाच्या छापा आधीच्या, कुठल्या नंतरच्या याची क्रमवारी लावून ठेवली आहे. पण या मालिकेची चित्रं इतकी लहान आहेत की एका मोठ्या तावातून बरीच निघत आणि चिन्ह त्यांतल्या एखाद्यावरच येई. वॉटरमार्क नाही म्हणून निराश होण्याचं कारण नाही. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मिळाला तर अंधारात लावून बघा. कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली उजळपणाची रसायनं आहेत. जुना चिंध्यांचा कागद मळकट पिवळसर दिसतो. याच उजेडात डिंकाचे ठिगळ, भरलेली भोकं आणि बुरशीचे पट्टेही उठून दिसतात.

पत्र्याच्या कडेची दबलेली खूण, म्हणजे प्लेटमार्क, दिसत नाही म्हणून घाबरू नका. ड्यूररच्या छापा पूर्वी सर्रास पत्र्याच्या कडेपर्यंत किंवा तिच्या किंचित आतून कापत. दीड-दोन मि.मी. समास शिल्लक असेल तर तो चांगला मानतात. मोठा, छान समास असेल तर उलट अधिक बारकाईने बघा, कारण खोटा समास जोडण्याची कारागिरी जुनी आहे. जोड उजेडासमोर दिसतो. मोजमाप घेताना बाहेरच्या चित्ररेघेपासून घ्या आणि मि.मी.पर्यंत नोंदवा. ओला कागद वाळताना आकसतो, त्यामुळे दीड-दोन मि.मी. इकडेतिकडे चालतं. अर्धा सें.मी. फरक असेल तर पत्रा दुसरा किंवा ती लहान-मोठी केलेली फोटो-प्रत.

आता जपण्याबद्दल, आणि हे छाप मूळ निघो वा नकल, दोन्हीला सारखंच लागू आहे.

फ्रेम उघडताना चित्र खाली तोंड करून मऊ कापडावर ठेवा. मागचे गंजलेले खिळे पकडीने सरळ ओढा, पटाशीने उचकटू नका. पाठीची फळी निघाल्यावर कागद काचेला चिकटलाय का ते आधी बघा. दमट हवेत काचेच्या आत पाणी सुटतं आणि कागदाचा चिकट लेप काचेला धरतो. चिकटलेला असेल तर तिथेच थांबा आणि काचेसकट ते तज्ज्ञाकडे न्या. पाणी मारून सोडवायला गेलात तर उभी शाई काचेवर राहते आणि गेलेली शाई परत येत नाही.

तांबूस डाग बुरशीचे आणि कागदातल्या लोहकणांचे असतात. घरी त्यांना हात लावू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ब्लीचिंग पावडरने डाग जातात हे खरं, पण कागदाचा तंतूही जातो. तो खडूसारखा निर्जीव पांढरा होतो, आणि काही वर्षांत डाग दुप्पट गडद होऊन परत येतात. खोडरबर, पावाचा गर, ओलं कापड, इस्त्री, यातलं काहीही नाही. चुरगळलेला कागद जाड पुस्तकाखाली दाबून सपाट करणं लोकांना निरुपद्रवी वाटतं, पण त्याने शाईचा उठाव आणि प्लेटमार्क दोन्ही बसतात. खरेपणाचा तोच पुरावा असतो. जुनी चिकटपट्टी ओढू नका. मऊ, कोरड्या कुंचल्याने वरची धूळ आणि कसरीची घाण अलगद झाडणं, एवढंच घरी करा. मागे कुणी तपकिरी शाईत नाव किंवा किंमत लिहिलेली असेल तर तिला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. छपाईची तेलाची शाई पाण्याने विरघळत नाही, हाताची शाई मात्र फुटते. आणि तीच कधी छापेचा प्रवास सांगते. छोटा संग्राहक-शिक्का असेल तर तो लुग्टच्या शिक्क्यांच्या सूचीत शोधता येतो. ती ऑनलाइन उपलब्ध आहे.

पुन्हा फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला आधीच स्पष्ट सांगा: फेव्हिकॉल नाही, ड्राय माउंटिंग (उष्णतेने बोर्डला चिकटवणं) नाही, लॅमिनेशन नाही. आम्लमुक्त सुती बोर्ड, मागे एक आणि पुढे खिडकी कापलेला एक. पुढच्या बोर्डमुळे कागद आणि काच यांत तीन-चार मि.मी. पोकळी राहिली पाहिजे. एका बोर्डने तेवढी राहत नसेल तर दोन लावा. छाप मागच्या बोर्डला फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायची. चारही बाजूंनी चिकटवली की पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला जागा मिळत नाही आणि तो लाटांसारखा उठतो किंवा फाटतो. काच अतिनील किरण अडवणारी घ्या. मागे प्लायवूड किंवा पुठ्ठा नको, त्यांतलं आम्ल कागदाला तपकिरी करतं. पॉलिप्रॉपिलीनची पन्हळी शीट चालते.

जागा बदला, हे सगळ्यात आधी. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत, स्वयंपाकघराची भिंत आणि आल्तारावरच्या मेणबत्त्यांची धग-काजळी, या तिन्हीपासून दूर आतल्या भिंतीवर. फ्रेमच्या मागे बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे लावले की हवा खेळती राहते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ६५ च्या वर बुरशी धरते आणि वसईचा जुलै त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून पावसाळ्याचे चार महिने फ्रेम खाली उतरवून, आम्लमुक्त पेटीत, घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात ठेवणं उत्तम. डांबरगोळ्या त्या पेटीत नकोत. आल्ताराजवळ चित्र हवंच असेल तर चांगली छायाप्रत फ्रेम करून लावा. उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको.

बुरशी जिवंत असेल, कागद ठिसूळ झाला असेल किंवा पाठीला दुसरा कागद चिकटवलेला असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्राकडे विचारणा करा. काम देण्याआधी ते काय करणार याची लेखी नोंद आणि आधीचे फोटो मागा.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला कुणी विक्रेता ‘छाप पाठवून द्या, बघून सांगतो’ म्हणाला तर पाठवू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी चौकशी करा.

मत घ्यायला फोटो पुरतात, फक्त ते नीट हवेत. पूर्ण पुढची बाजू आणि पूर्ण पाठ, शेजारी मि.मी.ची पट्टी ठेवून. कडेने टॉर्च मारलेला एक. उजेडासमोर धरलेला एक, ज्यात तारांच्या खुणा दिसतील. आणि भिंगातून जवळून चार: चिन्ह आणि साल, योहानाचा चेहरा, एखादी गडद चुणी, आणि जमिनीवरचं गवत. मोबाइलचं फिल्टर बंद ठेवा, फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर रेघांची टोकंच पुसली जातात. स्कॅनरचं झाकण कागदावर दाबू नका. मोठ्या लिलावगृहांचे छाप-विभाग असे फोटो बघून प्राथमिक मत देतात, पण त्यांना पाठवण्याआधी गवताची आणि चुणीची तुलना स्वतः करून बघा. पत्रा वेगळा असेल तर बहुतेक वेळा ते तिथेच दिसतं.